तीव्र नैराश्य : दोष मनाचा की शरीराचा?

घरातल्या माणसाला मधुमेह झाला तर आपण त्याच्या चहातली साखर बंद करतो. कावीळ झाली तर त्याला विश्रांती देतो. क्षयाच्या गोळ्या सहा महिने न चुकता पोटात जातात की नाही, यावर आई किंवा बायको खडा पहारा ठेवते. पण त्याच घरातला माणूस सकाळी अंथरुणातून उठेनासा झाला, त्याची अन्नावरची वासना उडाली, तो कोणाशी बोलेनासा झाला, की आपली भाषा एकदम बदलते. ‘अंगचोर आहे’, ‘नाटकं करते’, ‘सुख टोचतंय’, अशी विशेषणे सुरू होतात. ही विशेषणे संपली की मग हळूच कोणीतरी कुजबुजते, ‘बाहेरचं काही असेल, एकदा दाखवून तरी आणा.’

असे कुजबुजणारे केवळ अडाणी असतात असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या घरांतूनही आम्ही लिंबू-अंगारा पाहिलेला आहे. आणि ज्या घरात अंगारा नाही, तिथे दुसरेच एक वाक्य ऐकू येते : ‘भीमाच्या लेकराने असे खचून चालत नाही!’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मधुमेह झालेल्याला ‘भीमाच्या लेकराची साखर वाढत नाही’ असे आपण म्हणतो काय? मग मनाच्या आजारालाच हा वेगळा न्याय का?

तीव्र नैराश्य हा आजार आहे, आणि तो केवळ ‘मनाचा’ नाही. त्याच्या खुणा मेंदूत, ग्रंथींत आणि रक्तात सापडलेल्या आहेत. गेल्या सुमारे ९० वर्षांत शास्त्रज्ञांनी याचा जो शोध घेतला, तो आपल्या कुटुंबांतून सर्वांना कळावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

दुःख वेगळे, आजार वेगळा

प्रथम एक गैरसमज दूर करू. प्रत्येक दुःख हा आजार नसतो. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, मुलगा नापास झाला तर माणूस रडतो, जेवत नाही, झोपत नाही. ते माणूसपणाचे लक्षण आहे. १९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला, तेव्हा बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले दुःख मोकळेपणाने सांगितले होते. ज्यांनी उभ्या समाजाला उभे केले, त्या महामानवालाही रडू आवरले नाही. तेव्हा रडणे म्हणजे दुबळेपणा, हा विचार आपण मनातून काढून टाकलाच पाहिजे.

दुःखात माणूस रडतो, पण मधूनच नातवाला पाहून हसतो. शेजारीण भाकरी घेऊन आली की दोन घास खातो. दिवस जातील तसा सावरतो. तीव्र नैराश्यात असे होत नाही. चांगली बातमी कानावर पडूनही आत काही हलत नाही. हे सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, दिवसभर चालते. झोप पहाटे तीन-चारलाच उडते आणि पुन्हा लागत नाही. सकाळ सर्वांत वाईट जाते, संध्याकाळी थोडे हलके वाटते. वजन उतरते. चालणे-बोलणे मंदावते, नाहीतर उलट जीव इतका कासावीस होतो की एका जागी बसवत नाही. आपण सर्वांना ओझे झालो आहोत, आपल्याच हातून काहीतरी पाप घडले आहे, असे वाटू लागते. शेवटी जगूच नये असा विचार येतो.

आपल्याकडचा माणूस ‘मला नैराश्य आले’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधड होते’, ‘अंगात त्राणच नाही’, ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’. म्हणून त्याच्या हृदयाचे आलेख निघतात, सलाईन लागते, ताकदीची इंजेक्शने दिली जातात आणि मूळ आजार तसाच राहतो. वस्तीतील एका भगिनीच्या घरी आम्ही गेलो होतो. चार घरची धुणीभांडी करून दोन मुलींना शिकवणारी ती बाई. तिने आम्हाला सांगितले, ‘भाऊ, काम दिसतं हो डोळ्यांना. पण हात उचलत नाही. कुणीतरी आतून दोरी कापल्यागत झालंय.’ नैराश्याचे याहून अचूक वर्णन आम्ही कोठे वाचलेले नाही.

संकटकाळची यंत्रणा

ही ‘आतली दोरी’ म्हणजे काय, ते पाहू. आम्ही वाणिज्य शाखेचे, त्यात पेशाने कारकून. तेव्हा कचेरीच्याच भाषेत सांगतो.

समजा, रस्त्याने जाताना अंगावर कुत्रा धावून आला. पहिल्या काही सेकंदांत शरीरात ॲड्रिनलीन हे संप्रेरक सुटते. हृदय धडधडते, तोंडाला कोरड पडते, पायांत बळ येते. संप्रेरक म्हणजे ग्रंथीने रक्तात सोडलेला रासायनिक निरोप. ॲड्रिनलीन हा तातडीच्या तारेसारखा निरोप. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा, सविस्तर आदेशही निघतो.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. त्याला मुख्यालय समजा. तेथून ‘सीआरएच’ नावाचा आदेश शेजारच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीकडे जातो. हे झाले जिल्हा कार्यालय. पिट्युटरी ‘एसीटीएच’ नावाचा पुढचा आदेश रक्तातून पाठवते. तो पोहोचतो दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडे. हे तालुक्याचे ठिकाण. तिथे प्रत्यक्ष काम होते, म्हणजे कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक तयार होऊन रक्तात जाते.

कॉर्टिसॉल वाईट नव्हे. ते नसेल तर माणूस जगणार नाही. ते रक्तात साखर वाढवते, म्हणजे स्नायूंना आणि मेंदूला इंधन मिळते. जी कामे नंतर केली तरी चालतील, ती ते थोडी मागे सारते. पचन, वाढ, प्रजनन, रोगप्रतिकार यांना ‘जरा थांबा’ म्हणते. रोजच्या रोजही त्याचे एक वेळापत्रक असते. पहाटेपासून ते वाढते, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी.

या यंत्रणेत एक फार सुंदर सोय आहे. काम झाले की त्याची पोहोच वर जाते. रक्तातले कॉर्टिसॉल मेंदूपर्यंत पोहोचते आणि सांगते, ‘काम झाले, आता आदेश थांबवा.’ मुख्यालय आदेश थांबवते, संकट टळते, माणूस घरी येऊन पाणी पितो आणि झोपतो.

ताण शरीरावर दिसतो हे पहिल्यांदा ठळकपणे मांडले हान्स सेल्ये यांनी. १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांचे छोटेसे टिपण प्रसिद्ध झाले. कॅनडातील माँट्रियल येथे उंदरांवर प्रयोग करताना त्यांना दिसले की थंडी, जखम, अतिश्रम किंवा विष, त्रास कोणताही असो, उंदराच्या शरीरात बदल तेच होतात. ॲड्रिनल ग्रंथी सुजतात आणि जठरात व्रण पडतात. ॲड्रिनलच्या संप्रेरकांवरील कामासाठी केंडल, राइखश्टाइन आणि हेंच या तिघांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुख्यालयाचा तो ‘सीआरएच’ आदेश मात्र बराच काळ हाती लागत नव्हता. अमेरिकेतील साल्क संस्थेचे वायली व्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नेमकी रचना १९८१ साली शोधली.

पोहोच मिळते, पण आदेश थांबत नाही

आता नैराश्याकडे येऊ. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉ. एडवर्ड साकर यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे रक्त दिवसरात्र ठराविक अंतराने तपासले. अनेकांच्या रक्तात कॉर्टिसॉल जास्त होते. आणि ज्या मध्यरात्रीच्या वेळी ते अगदी खाली जायला हवे, तेव्हाही ते पुरेसे उतरत नव्हते. बाहेर कुत्रा नाही, वाघ नाही, तरी शरीर रात्रभर संकटाच्या पवित्र्यात जागे! पहाटे झोप का उडते, भूक का मरते, वजन का उतरते, याची थोडीफार संगती इथे लागते.

डॉ. बर्नार्ड कॅरल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून एक चाचणी वापरून पाहिली. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलसारखे काम करणारे औषध. रात्री त्याची एक गोळी दिली की मेंदूला वाटते, कॉर्टिसॉल भरपूर झाले. निरोगी माणसाची ग्रंथी दुसऱ्या दिवशी काम थांबवते. तीव्र खिन्नतेच्या सुमारे निम्म्या रुग्णांत मात्र ती थांबत नाही. पोहोच मिळाली, तरी मुख्यालय आदेश काढतच राहते. १९८४ साली डॉ. चार्ल्स नेमेरॉफ यांच्या गटाने रुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात ‘सीआरएच’ वाढलेले दाखवले. म्हणजे गडबड तालुक्याला नव्हती, वरूनच आदेशांचा पाऊस पडत होता. रुग्ण बरा झाला की बहुधा ही चाचणीही सुधारते. ज्यांची सुधारत नाही, त्यांचा आजार उलटण्याचा धोका अधिक असतो.

उलट बाजूनेही पुरावा आहे. कुशिंग सिंड्रोम या आजारात, पिट्युटरीत किंवा ॲड्रिनलमध्ये गाठ झाल्यामुळे शरीरात कॉर्टिसॉल वाढत जाते. अशा रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना नैराश्य येते, आणि गाठ काढल्यावर ते पुष्कळांत ओसरते. इथे कोणाच्या ‘मनोबला’चा प्रश्न येतो कुठे? दमा, संधिवात किंवा कोविडसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या काही रुग्णांनाही झोप उडणे, अति उत्साह किंवा खिन्नता असे त्रास होतात. तसे वाटल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे. मात्र गोळ्या मनाने एकदम बंद करू नयेत. दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असते, ती जागी व्हायला वेळ लागतो.

मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग आहे. समुद्रघोडा या माशाच्या आकारावरून त्याला हे नाव पडले. आठवणी साठवणे हे त्याचे काम आणि ताणाच्या यंत्रणेला लगाम घालणे हेही त्याचेच काम. १९६८ साली ब्रूस मॅकइवेन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवले की ताणाचे संप्रेरक नेमके या भागात जाऊन चिकटते. दीर्घकाळच्या ताणात प्राण्यांच्या या भागातील पेशींच्या फांद्या आखडतात. १९९६ साली डॉ. इव्हेट शेलाइन यांनी वारंवार नैराश्य आलेल्या स्त्रियांच्या मेंदूची चित्रे घेतली, त्यांत हा भाग लहान झालेला दिसला. ज्याने लगाम धरायचा तोच थकला, तर गाडी थांबणार कशी? विसरभोळेपणा, लक्ष न लागणे, अभ्यास डोक्यात न शिरणे, ही लक्षणे ‘आळसा’ची नाहीत, हे आता पालकांच्या ध्यानात यावे.

एकाच रसायनाची गोष्ट नाही

इथे सावधही केले पाहिजे. नैराश्याच्या प्रत्येक रुग्णात कॉर्टिसॉल वाढलेले नसते, आणि वाढलेल्या प्रत्येकाला नैराश्य नसते. त्यामुळे रक्ताच्या एका चाचणीने निदान होत नाही. कॉर्टिसॉल उतरवणारे चूर्ण म्हणून कोणी विकत असेल, तर खिसा सांभाळावा. ‘सीआरएच’ रोखणारी औषधेही शास्त्रज्ञांनी करून पाहिली, पण नैराश्यावर ती अपेक्षेप्रमाणे लागू पडली नाहीत.

दुसरी लोकप्रिय गोष्ट सेरोटोनिनची. तिचा एक धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची वनस्पती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन हे औषध वेगळे काढले गेले. हे औषध घेणारे काही रुग्ण खिन्न होतात, अशा नोंदी पुढे डॉक्टरांनी केल्या. रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिन आणि तत्सम रसायने घटवते, हे उघड झाले. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षय रुग्णालयात इप्रोनियाझिड हे क्षयावरचे नवे औषध घेणारे रुग्ण अनपेक्षितपणे उल्हसित झाले. ते ही रसायने वाढवत होते. दोहोंची बेरीज करून ‘सेरोटोनिन कमी म्हणजे नैराश्य’ हे सोपे समीकरण रूढ झाले.

ते समीकरण फार सोपे होते. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की केवळ सेरोटोनिन कमी पडल्याने नैराश्य येते याला सातत्याने पुरावा मिळत नाही. यावरून काहींनी ‘गोळ्या खोट्या’ असा निष्कर्ष काढला. तो चूक आहे. क्रोसिनने ताप उतरतो, म्हणून क्रोसिन कमी पडल्याने ताप आला असे होत नाही. तरी ताप उतरतोच ना? २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये ५२२ चाचण्यांचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात पाहिलेली सर्व २१ औषधे नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली. गुण सर्वांना सारखा येत नाही, पण येतो.

आनुवंशिकतेचे काय? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून माणसा-माणसांतील नैराश्याच्या प्रवणतेच्या फरकात तिचा वाटा सुमारे ३७ टक्के मानला जातो. नैराश्याचे असे एकच जनुक सापडलेले नाही. उरलेला मोठा वाटा परिस्थितीचा. म्हणून ‘त्यांच्या घराण्यातच वेड आहे’ म्हणत सोयरीक मोडणाऱ्यांनी हा हिशेब नीट वाचावा.

अपमान रक्तात उतरतो

आता आपल्या जिव्हाळ्याच्या मुद्द्याकडे वळू. ताण पुष्कळ प्रकारचे असतात. त्यांपैकी कोणत्या ताणाने कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली २०८ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास केला. उत्तर असे निघाले की जिथे आपल्या हातात काही नसते, आणि जिथे इतर लोक आपल्याला कमी लेखतील अशी भीती असते, तिथे कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते आणि खाली यायलाही सर्वांत जास्त वेळ घेते.

वाचकहो, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. हातात काही नाही, आणि चारचौघांत कमी लेखले जाण्याची भीती. जातिव्यवस्थेचे याहून नेमके वर्णन कोणते? आडनाव विचारल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर होणारा बदल, भाड्याने खोली देताना आयत्या वेळी मिळणारा नकार, ‘कोट्यातून आला’ म्हणून वर्गात पिकलेला हशा. या गोष्टी वरून अगदी लहान दिसतात. पण शरीर त्यांची नोंद ठेवते, आणि रोज ठेवते. हे प्रयोग काही जातीवर झालेले नव्हते. पण अपमान ही केवळ भावना नसून देहावरचा आघात आहे, हे त्यांतून सिद्ध झाले. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता, माणुसकीच्या प्रतिष्ठेचा होता. आज विज्ञान सांगते की प्रतिष्ठा ही आरोग्याचीही गरज आहे.

कारकुनांनी लक्षात ठेवावा असा एक अभ्यास इंग्लंडात झाला. लंडनच्या व्हाइटहॉल भागातील सरकारी नोकरांची पाहणी १९६७ साली सुरू झाली. सतरा हजारांहून अधिक पुरुष नोकर तपासले गेले. सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब वगैरेंनी या फरकाचा काहीच भाग उलगडला. १९८५ साली सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत दिसले की ज्यांना आपल्या कामावर काडीचाही अधिकार नसतो, त्यांना हृदयाचे आणि मनाचे, दोन्ही आजार अधिक होतात. ‘साहेबाला जास्त टेन्शन’ हा समज खोटा ठरला.

लहानपणीचा आघातही पुसला जात नाही. २००० साली क्रिस्टीन हाइम आणि सहकाऱ्यांनी ४९ स्त्रियांना अनोळखी श्रोत्यांपुढे भाषण व तोंडी हिशेब करायला लावला. ज्यांचा लहानपणी छळ झालेला होता, त्यांच्या शरीराची ताणाला मिळणारी प्रतिक्रिया मोठेपणीही इतरांपेक्षा तीव्र होती. ज्यांना शिवाय नैराश्य होते, त्यांच्यात तर ‘एसीटीएच’ सहापटींहून अधिक वाढले. दारू पिऊन बायकोला मारणारा बाप पोराला हात लावत नसेल, तरी पोराच्या शरीरात तो काय पेरतो आहे, याचा विचार त्याने करावा. दारू न पिण्याची प्रतिज्ञा केवळ पैसा वाचवण्यासाठी नव्हती. दारूने दुःख विसरते हा भ्रम आहे. ती झोप मोडते, ताणाचे संप्रेरक वाढवते आणि नैराश्य खोल करते.

मात्र एका गोष्टीचे भान राखले पाहिजे. ‘मेंदूचा आजार होता’ असे म्हणून अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडता येणार नाही. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद केंद्रीय विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला, तेव्हा देशभर आवाज उठला तो याचसाठी. तरीही दुसरी बाजू तितकीच खरी. अन्यायाविरुद्ध लढायचे असेल तर लढणारा जिवंत राहिला पाहिजे. मोर्चा आणि औषध यांत भांडण नाही. दोन्ही हवीत.

दुसरा बाण

तथागतांनी सल्लत्थ सुत्तात बाणाचा दृष्टान्त दिला आहे. माणसाला एक बाण लागतो, ती शरीराची वेदना. त्यावर तो शोक करतो, छाती बडवतो, तो जणू दुसरा बाण. अभ्यासाने दुसरा बाण टाळता येतो, असा त्याचा आशय. पण आमच्या पाहण्यात असे आले आहे की नैराश्याच्या रुग्णाला दुसरा बाण पुष्कळदा त्याचे घरचेच मारतात. ‘ऊठ, काय पडून राहिलास!’ हा तो बाण. ‘लोक काय म्हणतील?’ हा तिसरा.

पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा, दोन मुले, आईवडील, भाऊ, सर्व एका पाठोपाठ गेले आणि ती भान हरपून वस्त्राशिवाय फिरू लागली. लोकांनी ‘वेडी’ म्हणून तिला हाकलले. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, ‘भगिनी’ म्हणून हाक मारली, भानावर ये म्हणाले. कोणीतरी अंगावरचे वस्त्र काढून तिला दिले. तीच पुढे विनयात अग्रगण्य भिक्खुणी झाली. या कथेत मंत्र नाही, अंगारा नाही, साखळदंड नाही. आहे ती जवळीक, वस्त्र आणि शब्द.

साखळदंडाचे म्हणाल, तर ६ ऑगस्ट २००१ ची घटना विसरता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली. साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. त्यांना तिथे नेणारे त्यांच्या जिवावर उठलेले नव्हते, आपलेच आई-बाप, भाऊ होते. महाराष्ट्रात २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा त्यानुसार गुन्हा आहे.

ध्यानाबद्दलही सांगावे लागेल. वारंवार नैराश्य येऊन गेलेल्यांना, बरे असताना, सजगतेच्या अभ्यासाने आजार उलटणे कमी होते, असे २००० सालापासूनच्या अभ्यासांत दिसले आहे. पण ऐन तीव्र नैराश्यात माणसाला दहा दिवसांच्या मौनात धाडणे हा उपाय नव्हे. शिबिराच्या प्रवेशअर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. जीवक वैद्य भगवंतांवर औषधोपचार करीत असे. जिथे स्वतः तथागतांनी औषध घेतले, तिथे आपण गोळीला कमीपणा का मानावा?

आपण काय करावे?

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली झाले. त्यानुसार दर वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य येते. निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना मात्र उपचारच मिळत नव्हते. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, डॉक्टर. जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागात जावे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. डॉक्टर आधी थायरॉइड, रक्तक्षय, मधुमेह, जीवनसत्त्वांची कमतरता नाही ना, हे पाहतात, कारण तीही अशीच लक्षणे दाखवतात. बाळंतपणानंतर सुनेचे डोळे सारखे भरून येत असतील, बाळाकडे ती पाहत नसेल, तर ‘माहेरची लाडावलेली’ म्हणू नये. तोही आजार असू शकतो.

दुसरी गोष्ट, धीर. गोळीचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नये. बरे वाटल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने किंवा अधिक काळ गोळ्या चालू ठेवतात. त्या एकदम बंद करू नयेत. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः तरुण रुग्णाकडे, बारीक लक्ष ठेवावे. समुपदेशनाचाही चांगला उपयोग होतो. अतितीव्र आजारात भूल देऊन विजेचा उपचार करतात. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो. भुलीशिवाय तो देण्यास २०१७ च्या कायद्याने बंदी आहे.

तिसरी गोष्ट, विचारणे. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. तसे असेल तर त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशक, गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चोवीस तास मोफत चालू आहे, मराठीतही बोलता येते. पोलिसांच्या भीतीने कोणी उपचार लांबवू नयेत. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ असे मानतो की जिवाचे बरेवाईट करू पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, आणि त्याला शिक्षा नव्हे तर मदत देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

चौथी गोष्ट, विहार. आपल्या विहारात पौर्णिमेला वंदना होते, जयंतीचा हिशेब होतो, अभ्यासिका चालते. महिन्यातून एक संध्याकाळ आरोग्यासाठी राखून ठेवता येणार नाही काय? रुग्णाला रुग्णालयात नेणारे दोन कार्यकर्ते, त्याच्या मुलांना डबा देणारे एक घर, एवढे केले तरी पुष्कळ. वर उल्लेख केलेल्या त्या भगिनीला महिला मंडळाच्या दोघीजणी आळीपाळीने तपासणीला नेत असत. तीन महिन्यांनी ती पुन्हा कामावर गेली. आज्ञा कोणाचीच नव्हती, फक्त पाळी लावलेली होती.

आजारी, घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने रुग्णाची सेवा करावी, असा उपदेश संघाला केला. तो भिक्खू देहाने आजारी होता. नैराश्याने अंथरूण धरलेला आपला भाऊ, आपली लेक हेही देहानेच आजारी आहेत, हे आता विज्ञानाने दाखवून दिले आहे. म्हणून पुढच्या वेळी घरात कोणी सकाळी उठेनासे झाले, तर ‘ऊठ’ म्हणण्याआधी उशाशी बसा आणि ‘किती दिवस झाले असं होतंय?’ एवढे विचारा. आणि त्याचा केसपेपर काढायला रांगेत तुम्ही उभे राहा.

जयभीम!